तेराशे बत्तीसच्या आसपास

टिक् असा आवाज झाला. तो इतका लहान होता, की सिंधूला आधी वाटलं आपल्या चष्म्याची काडी टेबलाला लागली. मग तिनं भिंगातून खाली बघितलं. चिमट्यात हिऱ्याच्या प्लेटचा एक तुकडा होता आणि दुसरा खाली, रामन यंत्राच्या काळ्या धातूच्या मंचावर पडून खिडकीतल्या उजेडात चमकत होता. करंगळीच्या नखाएवढी प्लेट. मिथेन आणि हायड्रोजनच्या जांभळट उजेडात, बंद भट्टीत, थरावर थर चढत ती कित्येक आठवडे वाढली होती, आणि आता तिच्या मधून एक सरळ, स्वच्छ रेघ गेली होती. कुणी पट्टी लावून ओढावी तशी. मागे उभ्या असलेल्या मदतनीस सहनानं नुसता श्वास आत ओढला. कुणी काही बोलायच्या आत प्रणेश आपल्या खोलीतून आला, वाकून बघितलं, आणि सिंधू तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "बिडी मॅडम. क्रिस्टलच तसं होतं. आत स्ट्रेस असणार. त्याला तुम्ही काय करणार, अल्वा?" सहनाही लगेच म्हणाली, "यस मॅम, इंटरनल स्ट्रेस." मग चहा आला. कुणीतरी पंख्याचा विषय काढला.

बिडी म्हणजे सोडून द्या, आणि अल्वा म्हणजे हो ना. वीस वर्षांपूर्वी मिरजेहून म्हैसूरला आल्यावर भाजीवाल्यानं पहिल्यांदा तिला 'बिडी अम्मा' म्हटलं, तेव्हा हा माणूस आपल्याला विडी का देतोय ते तिला कळेना. प्रणेशच्या घरात चार पिढ्या मराठी बोलत आल्या होत्या, पण त्याचं मराठी असंच अर्ध्या वाटेत कानडीत उतरायचं, आणि सिंधूला ते आवडायचं. तो पस्तिशीचा, परदेशातून परतून त्यानं कूर्गल्लीच्या बाजूला ही प्रयोगशाळा उभी केली होती. कॉलेजातली नोकरी सोडून सिंधू त्याच्याकडे आली ती पन्नाशी ओलांडल्यावर. तो तिला कधी 'मॅडम' सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता, आणि तिच्या मोजमापावर त्यानं कधी शंका घेतली नव्हती. आज तर त्यानं तिला बोलण्याची वेळही येऊ दिली नाही. चहाचा घोट घेताना तिला खरोखरच हलकं वाटलं. क्रिस्टलच तसं होतं. पण हलकेपणाच्या खाली काहीतरी टोचत राहिलं. मोज्यात राहिलेल्या गवताच्या कुसळासारखं. कारण तो आवाज होण्याच्या अगदी आधी, प्लेट मंचावर टेकवण्यापूर्वी ती क्षणभर हात स्थिर धरून थांबली होती, आणि तिचा उजवा अंगठा हलला होता. हात चालू असेपर्यंत काही नाही. हात थांबला, की थोड्या वेळानं अंगठा आपोआप तर्जनीवर घासायला लागायचा, जसं कुणी मोहरीचा दाणा चोळून बघतंय. हे गेले काही महिने चाललं होतं. चिमट्याचं टोक हललं, प्लेटचा कोपरा मंचाच्या कडेला लागला, मग टिक्. की आधी टिक् आणि मग कोपरा लागला? तिनं डोळे मिटून ते पुन्हा बघायचा प्रयत्न केला. दर वेळी वेगळं दिसत होतं.

तिच्या वडिलांचा, आप्पांचा अंगठाही असाच हलायचा. ते मिरजेच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी ब्रशच्या एका दमात काढलेला 'श्री' बघायला लोक रस्त्यात उभे राहायचे. सिंधू दहावीत असताना आई त्यांच्या बशीत कपाखाली दुमडलेला रुमाल ठेवायला लागली. का, ते कुणी विचारलं नाही. रुमाल असला की कप वाजायचा नाही, एवढंच. पुढं एका उन्हाळ्यात आप्पांनी जाहीर केलं, की डोळ्यांना त्रास होतो, आता शाळा नको. त्यांनी चष्मा आणला. गावात सगळीकडे झालं, मास्तरांचे डोळे गेले. लोक त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडायला मदत करायचे आणि ते करू द्यायचे. एका दुपारी ते झोपलेले असताना सिंधूनं तो चष्मा लावून बघितला. भिंतीवरचं कॅलेंडर जसंच्या तसं दिसलं, तारखाही तेवढ्याच मोठ्या. ती साधी काच होती. तिनं चष्मा होता तिथं ठेवला आणि ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आप्पांना तर नाहीच. एक माणूस स्वतःच्या हाताचं नाव घ्यायला नको म्हणून धडधाकट डोळे आंधळे ठरवतो आणि घरातले सगळे त्याला साथ देतात, त्यात प्रेम होतं हे तिला तेव्हाही कळत होतं. पण त्या घरात नंतरची बारा वर्षं कुणी मोकळं बोललं नाही. कुठल्या शब्दाला काय चिकटलेलं असेल, सांगता यायचं नाही. ब्रश, रंग, पाटी, कप, सगळे शब्द एकेक करून घरातून निघून गेले.

चहा संपल्यावर तिनं दोन्ही तुकडे रामन यंत्राखाली बघितले. या वेळी ते सहनाला ठेवायला लावले, सहजच सांगितल्यासारखं. यंत्राचं काम समजायला सोपं आहे. हिरव्या लेझरचा किरण हिऱ्यावर टाकायचा. बहुतेक प्रकाश आला तसा परत फिरतो. त्यातला अगदी थोडा आतल्या अणूंची जाळी हलवतो, तेवढी शक्ती तिथं ठेवतो आणि थोडा लालसर होऊन परततो. किती शक्ती ठेवून आला ते मोजायचं. कुठंही न दबलेल्या, न ताणलेल्या हिऱ्याचं उत्तर जगात कुठंही एकच: तेराशे बत्तीस आणि वर अर्धा. जाळी दाबली गेली असेल तर आकडा वर सरकतो, ओढली गेली असेल तर खाली. सहना नोकरीला लागली तेव्हा सिंधू हे समजावत होती, तर तिनंच मध्ये म्हटलं होतं, "मॅम, वीणा. तार टाइट केली की सूर वर." तिच्या घरी आजीची वीणा होती. तुकड्यांचं उत्तर आलं ते जवळजवळ बरोबर तेराशे बत्तीस आणि अर्धा. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. तुटताना आतला बराचसा ताण सुटून जातो. आधी तो होता की नव्हता, हे तुटलेल्या वस्तूला विचारण्यात अर्थ नसतो.

घरी निघताना तिनं दाराजवळच्या फळ्यावर नजर टाकली. उद्या दुपारी: दुसरी प्लेट, लष्कर मोहल्ला, कापणे. आणि ती गाडीजवळ जाऊन थांबली. दोन प्लेटी एकाच भट्टीत, एकाच वेळी, शेजारी शेजारी वाढल्या होत्या. पहिलीत ताण असेल तर दुसरीतही तो असायला हवा. मग प्रणेश ती बिनधास्त कापायला कशी पाठवतो? बोगादीच्या रस्त्याला लागेपर्यंत तिच्या डोक्यात ते हळूहळू उतरत गेलं. प्रणेशला स्ट्रेस वाटतच नव्हता. त्यानं तिचा हात बघितला होता, कदाचित आधीही बघितला होता, आणि ती काही बोलायच्या आत त्यानं तिच्यापुढं एक शब्द ठेवला होता. सहनानं त्याला दुजोरा दिला होता. सिग्नलला गाडी थांबली. तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. थोडा वेळ तो शांत होता. मग अंगठा सुरू झाला.

तिचा नवरा दिगंबर घरीच होता. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा चहा त्याचा. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून तो चहा गाळत होता, आणि सिंधू खुर्चीवर बसून बघत होती, नेहमी बघायची तसं नाही, यंत्राकडे बघते तसं. त्यानं आपला कप काठापर्यंत भरला. तिचा अर्धा भरला आणि भांडं खाली ठेवलं.

"अहो, माझा अर्धाच का?"

"अजून हवाय? देतो की."

"आधीच का नाही भरला?"

तो गाळणी धुवायला लागला. पाण्याचा आवाज गरजेपेक्षा जास्त वेळ येत राहिला. "सांडतो," तो पाठमोराच म्हणाला.

"कधीपासून अर्धा भरताय?"

"दसऱ्याच्या आधीपासून असेल."

"आणि बोलला नाहीत."

"म्हटलं, तुला बोलायचं असेल तेव्हा बोलशील." त्यानं नळ बंद केला. "मी चुकलो का?"

तो चुकला असं म्हणता येत नव्हतं. हा माणूस महिनोन्महिने रोज दोनदा चहा ओतताना हात मध्येच थांबवत आला होता, आणि आपल्याला ते दिसलंसुद्धा नाही, याचाच तिला राग आला. राग म्हणजे लाज. आपण मोजणारी बाई. काटा केसभर सरकला तरी आपल्याला कळतो. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपात चहा अर्ध्यावर आला, तो दिसला नाही, कारण बघायचं नव्हतं. म्हणजे मिरजेचं ते घर तिनं सोडलंच नव्हतं तर. ते सामानाबरोबर इथं आलं होतं. "भरा," ती म्हणाली. "पूर्ण भरा." त्यानं भरला. तिनं उजव्या हातानं कप उचलला, दोन घोट घेतले, आणि मग हात हवेत जरासा थांबला तशी कड हलली. चहा बशीत सांडला, थोडा टेबलावर. दिगंबर फडक्याकडे वळला. "राहू द्या," ती म्हणाली. "सांडू दे. आपण दोघं बघू या कसा सांडतो ते." तो फडकं हातात घेऊन समोर बसला, आणि ती सगळा कप संपवेपर्यंत त्यानं दुसरीकडे बघितलं नाही. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यानं तिच्यासाठी केलेल्या अवघड गोष्टींपैकी ती एक होती, असं तिला नंतर वाटलं.

सकाळी ती प्रणेशच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"प्रणेश, काल तुम्ही म्हणालात आत स्ट्रेस होता."

"हौदु, हो मॅडम. असणारच."

"मग दुसरी प्लेट आज कापायला कशी चालली आहे? दोघी एकाच भट्टीतल्या."

त्यानं टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. "पोलरायझरखाली बघितलं की मी. ताण असेल तिथं उजळतं. कडा थोड्या उजळ दिसतात, तेवढं असतंच."

"म्हणजे स्ट्रेस नव्हता असं तुम्हाला वाटतं."

"असं कुठं म्हणलो मी?"

"मग माझा हात."

प्रणेशचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मॅडम, बिडी ना. तुम्ही आमच्या आईच्या वयाच्या. असं तोंडावर कसं म्हणायचं हो माणसानं?"

"नका म्हणू. मला मोजू द्या." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "त्या प्लेटमधून डोळ्याच्या शस्त्रक्रियेची पाती निघणार. आत ताण असला आणि पात्याचा कपचा कुणाच्या डोळ्यात उडाला, तर त्या माणसाला काय सांगणार? एका बाईला वाईट वाटू नये म्हणून आम्ही कारण सांगितलं, पण ते खरं धरलं नाही?"

त्यानं घड्याळाकडे बघितलं. गिऱ्हाइकाचे फोन येत होते, लष्कर मोहल्ल्यात कापायच्या लेझरची वेळ ठरलेली होती, हे सगळं तिला ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, "दुपारपर्यंत. तोवर होईल?"

"होईल. आणि प्लेट सहना ठेवेल. मी ठेवणार नाही."

हे बोलून ती बाहेर आली. अजून काहीच मोजलं नव्हतं, आणि निम्मं सांगून झालं होतं.

आधी सिलिकॉनचा तुकडा. त्याचं उत्तर पाचशे वीस आणि अर्धा. ते आलं की यंत्र खरं बोलतंय असं समजायचं. मग प्लेट. सहनाचे हात लहान होते, नखं कापलेली, आणि ती चिमटा धरून श्वास रोखायची. सिंधू शेजारी बसून सांगत होती, जरा डावीकडे, आता सोड. सांगणं हे धरण्यापेक्षा अवघड होतं. तिच्या बोटांना जे ठाऊक होतं त्याला शब्द नव्हते, ते आता शोधावे लागत होते. पहिला बिंदू प्लेटच्या मधोमध. तेराशे बत्तीस आणि अर्धा. पडद्यावर एकच उंच, सडपातळ टोक, हिऱ्याचं असतं तसं. दुसरा, तिसरा. मग मंच आपोआप सरकत एकेका कडेनं जाऊ लागला. पहिली कड ठीक. दुसरी ठीक. प्रत्येक बिंदूला पडद्यावर एक चौकोन हिरव्या रंगानं भरत होता, आणि ते हिरवं पसरत चाललं होतं. प्लेट निरोगी होती. म्हणजे हात. ती हे वाक्य मनात पूर्ण करून बघत होती, जीभ दुखऱ्या दातावर नेऊन बघावी तसं. म्हणजे माझा हात. मग पुढं काय, तर चिमटा ठेवून द्यायचा. मग सगळे म्हणतील, मॅडमना आता आराम हवा. एखादा साध्या काचेचा चष्मा मिळेलच कुठंतरी. नाही. तो मिळणार नाही, आपण घेणार नाही. हात असेल तर हात. आकडा येईल तो येईल. तिला स्वतःचंच नवल वाटलं, की इतकं घाबरूनही तिला पुढच्या बिंदूची वाट बघावीशी वाटत होती. तिसरी कडही हिरवी झाली.

"मॅम, साकु ना?" सहना हळूच म्हणाली. पुरे, असं. तिला सिंधूची दया येत होती हे तिच्या आवाजातून कळत होतं. "प्लेट ओके आहे. सरांना सांगू?"

प्रणेशनं दारातून डोकं आत घातलं. "ठीक आहे ना?"

"एक कड राहिली आहे," सिंधू म्हणाली.

"तीन ठीक म्हणजे चौथी पण…"

"राहिली आहे."

चौथ्या कडेच्या सुरुवातीलाच आकडा अर्ध्या अंकानं वर गेला. पुढच्या बिंदूला आणखी. सिंधू खुर्चीत पुढं सरकली. टोक आता सडपातळ राहिलं नव्हतं, पायाशी रुंद होत होतं, चौकोन हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे लाल होत होते. कोपऱ्यावर पोचल्यावर एकाच्या जागी दोन टोकं दिसली, खांद्याला खांदा लावून उभी, कारण तिथं जाळी एका बाजूनं दाबली जात होती आणि दुसऱ्या बाजूनं नाही. सहना "अय्यो" म्हणाली. प्रणेश आत आला. "बघा!" तो म्हणाला, "म्हणलो होतो की नाही मी!" पण सिंधूनं हात वर करून त्याला थांबवलं. मघाशी कुणीतरी एसी चालू केला होता. खोली थंड झाली की यंत्र सरकतं, आणि सरकलेलं यंत्र निरोगी हिऱ्यालाही आजारी ठरवतं. तिला हवं ते उत्तर आलं होतं, म्हणूनच तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. प्लेट काढली, पुन्हा सिलिकॉन. पाचशे वीस आणि अर्धा. यंत्र जागेवर होतं. पुन्हा प्लेट, आणि या वेळी उलट्या दिशेनं, कोपऱ्यापासून मागे. लाल, पिवळे, हिरवे. तेच. मग तिनं कालचा तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला सांगितला. भट्टीत दोन प्लेटींची जी बाजू समोरासमोर होती, तिथं मधल्या फटीत काळी, खरखरीत, हिऱ्याचीच पण वेड्यावाकड्या कणांची साय वाढली होती, आणि तिनं दोघींनाही दाबलं होतं. कालची चीर त्याच बाजूच्या कोपऱ्यातून निघाली होती.

तिला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही, जे झालं ते आनंदापेक्षा घट्ट होतं. गाठोडं नीट बांधून झाल्यावर त्यावर हात ठेवतो, तसं काहीतरी. काल क्रिस्टल दुखावलेलंच होतं. पण सहनाच्या हातून आज तेच दुखणं असलेली प्लेट दोनदा मंचावर गेली आणि आली, आणि शाबूत राहिली. थरथरता हात निरोगी प्लेटीनं सहन केला असता. दुखावलेली प्लेट स्थिर हातात निदान लष्कर मोहल्ल्यापर्यंत पोचली असती, आणि तिथं लेझरखाली फुटली असती.

"मग काय धरायचं मॅडम?" प्रणेशनं विचारलं. "क्रिस्टल की…" त्यानं वाक्य सोडून दिलं.

"क्रिस्टल आणि माझा हात. दोन्ही धरायचं." तिनं उजवा हात टेबलावर ठेवला, त्या दोघांसमोर, आणि काढून घेतला नाही. ते तिघं बघत राहिले. यंत्राचा पंखा चालू होता. थोड्या वेळानं अंगठा हलायला लागला. "हे असं होतं. अजून कुठल्या डॉक्टरला दाखवलेलं नाही. आता दाखवीन. नाजूक प्लेटी मी उचलणार नाही, ते सहना शिकेल. बाकी मोजायचं काम मी करणार आहे, आणि ते माझ्याकडून काढून घ्यायचं असेल, तर मोजण्यात चूक दाखवून काढायचं."

"कोण काढतंय हो!" प्रणेश म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते आणि त्यामुळे तो चिडल्यासारखा दिसत होता. "काल मी बोललो ते… मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

"वाटलं होतं. चहा संपेपर्यंत."

मग तो हसला, सहनाही हसली, आणि चौथी कड कशी काढायची यावर तिघं बोलत बसले.

लष्कर मोहल्ल्यात वेंकोबांचं दुकान एका टायरवाल्याच्या आणि एका पितळी दिव्यांच्या दुकानाच्या मध्ये होतं. बाहेरून बघून आत लेझर असेल असं कुणाला वाटलं नसतं. सिंधू आणि प्रणेश दोघं गेले. ठरल्याप्रमाणे वेंकोबांनी पाती कापायच्या आधी ती दाबलेली कड पट्टी काढल्यासारखी वेगळी केली, कोपऱ्यापासून लांब, हळूहळू, मध्ये थांबत. कड सुटली आणि सुटता सुटताच तिच्या ठिकऱ्या झाल्या. वेंकोबा काहीतरी पुटपुटले. उरलेली प्लेट तशीच होती, थोडी अरुंद. दुसऱ्या दिवशी सहनानं ती मंचावर ठेवली आणि सिंधूनं पुन्हा चारी कडा मोजल्या. पडदा हिरवा राहिला. पाती ठरल्यापेक्षा कमी निघाली. गिऱ्हाईक कुरकुरलं, मग का कमी ते ऐकून गप्प झालं आणि पुढची प्रत्येक प्लेट याच पद्धतीनं मोजून हवी असं म्हणालं. प्रणेशनं भट्टीत दोन प्लेटींमधलं अंतर वाढवलं. या सगळ्यात आठवडा गेला, आणि रोज संध्याकाळी दिगंबर विचारत होता, "वेळ घेतलीस का?" आणि ती "घेते" म्हणत होती. पाचव्यांदा विचारल्यावर तिला स्वतःचं "घेते" ऐकू आलं. तिनं फोन उचलला.

डॉक्टर वनजा साठीच्या होत्या, कानडीच बोलायच्या, आणि सिंधूचं कानडी त्यांना पुरेसं होतं. त्यांनी तिला बोटं आपटायला सांगितली, मनगट धरून हळूहळू फिरवलं, कॉरिडॉरमधून चालायला लावलं आणि तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. सिंधूला तेव्हाच कळलं, की चालताना तो हात हलत नाही. डावा पुढं-मागं होतोय आणि उजवा अंगाशी लटकून आहे. जिथं हलू नये तिथं हलतो आणि जिथं हलावं तिथं हलत नाही. तिला हे इतकं नेमकं वाटलं, की भीती वाटायची राहून गेली. मग कागद पुढं आला. मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जाणारं वेटोळं काढायचं. ती काढू लागली. ओळी एकमेकींना चिकटत गेल्या, मोठं काढायचं ठरवलं तरी हात लहानच काढत राहिला, आणि शेवटचा वेढा पहिल्याच्या अगदी जवळ येऊन थांबला.

"छान आहे," डॉक्टर म्हणाल्या, "बरंच चांगलं आहे."

"छान नाही, डॉक्टर. बघा, इथं मला बाहेर जायचं होतं आणि मी गेले नाही. यावर तारीख घाला. आणि डाव्या हाताचंही एक काढून घ्या. पुढच्या वेळी कशाशी ताडून बघणार?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग दुसरा कागद दिला. त्यानंतर त्या तिच्याशी निराळ्या आवाजात बोलल्या, जसं एक काम करणारं माणूस दुसऱ्याशी बोलतं. काय आहे, कशावरून वाटतं, कुठली तपासणी करून खात्री करायची, कुठली गोळी आजपासून सुरू करायची, काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही. सावकाश वाढणारं आहे, त्या म्हणाल्या. पुष्कळ वर्षं काम करता येईल. सिंधूनं मध्येच थांबवून दोनदा विचारलं. नीट समजल्यावरच उठली.

बाहेरच्या खोलीत पंधरावीस माणसं होती. लहान मूल मांडीवर घेतलेली एक बाई, पेपर वाचणारा एक म्हातारा, काउंटरवर फोन घेणारी मुलगी. दिगंबर भिंतीजवळच्या खुर्चीतून अर्धवट उठला आणि तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करू लागला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कंपवात आहे," ती म्हणाली. "पार्किन्सन्स. सुरुवात आहे."

पेपर खाली झाला. मूल वळून बघायला लागलं. दिगंबरनं तिचा दंड धरला. "हळू बोल जरा," तो म्हणाला.

"का?"

त्यानं दंड सोडला. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर ठेवली, आणि गोळ्यांच्या वेळा त्याला सांगू लागली. पलीकडच्या रांगेतल्यालाही ऐकू जाईल अशा, वर्गात शिकवायच्या आवाजात.